डिस्पोजलच्या गाडीचा दम

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

कवीला बोलायला बोलावलं की तो पावसावर, आईवर किंवा भाषेवर बोलेल असं लोक धरूनच चालतात. मी आज जुन्या लष्करी ट्रकच्या डिझेल इंजिनाबद्दल बोलणार आहे. त्याला कारण आहे. मी नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथंच आहे आणि लष्करी वाहनांचं संशोधन करणारी संस्थाही इथंच. अशा गावात माझ्या वडिलांचं, अब्बांचं, गॅरेज होतं. घरात दखनी, गॅरेजात मराठी आणि इंजिनाच्या सुट्या भागांना इंग्रजी नावं, अशा तीन भाषांत मी वाढलो. आमच्या घरातला बी. ए. झालेला मी पहिला आणि हातातला पाना खाली ठेवणाराही पहिलाच.

लष्करानं वापरून काढून टाकलेल्या गाडीला आमच्याकडे ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणतात. ही गाडी लिलावात निघते, स्वस्तात मिळते, दिसायला दणकट असते, आणि घेणाऱ्याला वाटतं, आपण हत्तीच घरी आणला. मग तो मिस्त्रीकडे येतो आणि दोन गोष्टी मागतो. गाडी दुरुस्त करा आणि तिची ताकद वाढवा. एका दमात मागितलेली ही दोन कामं एकमेकांपासून फार लांबची आहेत. गाडी जशी बनली होती तशी परत उभी करणं ही दुरुस्ती. जशी ती कधी नव्हतीच तशी तिला करणं ही सुधारणा. पहिल्या कामाला हात लागतात. दुसऱ्याला हात लागतातच, शिवाय ‘नाही’ म्हणायची हिंमत लागते. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, पण ते नीट सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हिंदुस्थानात लष्करी गाड्यांचे ढीग उरले. फोर्ड, शेवर्लेट, डॉज अशा त्या गाड्या. एकट्या कॅनडानं त्या युद्धात ८ लाखांहून अधिक लष्करी वाहनं बनवली होती. त्यांतल्या कितीतरी आपल्या फौजेकडे होत्या आणि पुढं डिस्पोजलमध्ये निघाल्या. कुणी त्यांवर लाकूड वाहिलं, कुणी ऊस. पण त्यांची इंजिनं पेट्रोलची, आणि पेट्रोल पिण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मग त्यात डिझेल इंजिन बसवायची टूम निघाली. इंग्लंडातल्या पीटरबरो गावी फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ मध्ये कंपनी काढली होती. तिचं सहा सिलिंडरचं ‘पी-सिक्स’ इंजिन याच कामासाठी नावाजलेलं. पुढं पन्नाशीच्या दशकात मद्रासची सिम्प्सन कंपनी ते आपल्याकडे बनवू लागली. अब्बा पोरवयात ज्यांच्या हाताखाली शिकले, ते उस्ताद हेच काम करायचे.

आता पेट्रोलचं इंजिन काढलं आणि डिझेलचं ठेवलं, एवढ्यावर भागत नाही. डिझेल इंजिन वजनानं जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एखादा पाटा वाढवावा लागतो. ते कमी फेऱ्यांत जोर देतं, म्हणून जुने गिअर त्याला जुळत नाहीत. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लेथवर कातलेली जोडप्लेट घालावी लागते. ती केसभर जरी तिरकी बसली तरी काही महिन्यांत गिअरबॉक्सचं बेअरिंग रडायला लागतं. हे सगळं वरवर दिसणारं.

न दिसणारी गोष्ट ब्रेकची. पेट्रोलच्या इंजिनात हवा आत घेण्याच्या वाटेवर एक झडप असते. तिच्यामुळे आत पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होतो आणि अनेक गाड्यांत ब्रेक दाबायला त्याचीच मदत घेतलेली असते. डिझेल इंजिनाला तशी झडप नसते. म्हणजे इंजिन बदललं की ब्रेकचा मदतनीस गुपचूप निघून जातो. वेगळा व्हॅक्यूम पंप बसवला नाही, तर सपाटीला गाडी थांबते, पण घाटात ड्रायव्हर दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहतो तरी ती ऐकत नाही. अब्बांचे उस्ताद नवीन पोराला पहिला प्रश्न हाच विचारत, ‘‘इंजिन बदललंस, आता काय काय गेलं ते सांग.’’ काय आलं ते कुणीही सांगतं. काय गेलं ते ज्याला सांगता येईल, तोच त्यांच्या लेखी मिस्त्री.

माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात, गॅरेजात जास्त करून ‘शक्तिमान’ यायच्या. दूरदर्शनवर पुढं आलेला तो नाही, हा ट्रक. याचं घराणं मोठं आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी आपलं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या कारखान्यात चालवून दाखवलं. तोच कारखाना पुढं ‘मान’ या कंपनीचा भाग झाला. ‘मान’ या नावातला मधला ‘आ’ म्हणजे आउग्सबुर्ग. या कंपनीच्या परवान्यानं १९५९ पासून जबलपूरच्या लष्करी कारखान्यात शक्तिमान बनू लागला. त्यासाठी १९६९ मध्ये तिथं वेगळा वाहन कारखाना उभा राहिला. चारही चाकांना जोर, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, आणि चिखल, वाळू, बर्फ यांतून रांगत का होईना पण जाणारी गाडी. १९९० च्या दशकात तिची सद्दी संपली आणि तिच्या जागी अशोक लेलँडची ‘स्टॅलियन’ आणि टाटांच्या गाड्या आल्या.

लिलावातून आलेला शक्तिमान बहुधा कित्येक महिने उघड्यावर उभा असायचा. घेणाऱ्याला घाई असायची. बॅटरी लावा, सेल्फ मारा, आवाज ऐकवा. अब्बा किल्ली आपल्या खिशात घालत. आधी टाकी रिकामी करायची, कारण डिझेलखाली पाणी साचलेलं असतं आणि ते पंपात गेलं की पंप गंजून बसतो. मग ऑइल काढून बोटांवर चोळून बघायचं. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, चमकी दिसली तर बेअरिंग झिजलंय. मग नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी क्रँक हातानं फिरवायचा. हातानं फिरला तरच पुढची गोष्ट. रबरी नळ्या वरून धड दिसल्या तरी सगळ्या बदलायच्या. शेवटी डिझेलच्या वाटेतली हवा पंप मारून काढायची. दोन दिवस गाडी चालू न करता नुसती तयारी चालायची. मालक ओट्यावर बसून चहा पीत आणि मनातल्या मनात मिस्त्रीला शिव्या देत.

डिझेल इंजिनाचं मर्म समजायला फार शिकावं लागत नाही. त्यात ठिणगी नसते. पिस्टन हवेला दाबत दाबत सोळा-सतरा पटींनी लहान करतो, तेव्हा ती ५०० अंशांच्या वर तापते. त्या तापल्या हवेत नोझलमधून डिझेल धुक्यासारखं फवारलं की ते आपोआप पेटतं. म्हणून सगळी मदार दोन गोष्टींवर. हवा पुरेशी दाबली गेली पाहिजे आणि डिझेलचं धुकं झालं पाहिजे, धार नाही. धार पडली तर ती एकाच जागी पिस्टनला भाजून काढते. नोझल तपासायला हाताच्या दांड्याचं एक यंत्र असायचं. दांडा दाबला की चांगलं नोझल कुरकुर आवाज करत धुकं सोडतं. तो आवाज बिघडला की अब्बा काट्याकडे न बघता मान हलवायचे.

त्या यंत्राजवळ आम्हा मुलांना उभं राहू देत नसत. जुन्या पद्धतीच्या नोझलमधूनही डिझेल दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपासच्या दाबानं सुटतं. बोट आडवं आलं तर ते कातडीतून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, दुखतही नाही फारसं. पण आत मांस सडायला लागतं आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जातं. गॅरेजात काम करणारं कुणी मला ऐकत असेल तर त्यानं एवढं तरी ध्यानात ठेवावं. डिझेल टोचलं की मलम नको, त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठायचं.

आता ताकदीची गोष्ट. ८६-८७ साल असेल. पारनेरकडचा एक तरुण शक्तिमान घेऊन आला. खडी क्रशरवर दगड वाहायचं काम त्याला मिळालं होतं. वडिलोपार्जित दोन एकर गहाण टाकून गाडी घेतलेली. अब्बांनी महिनाभर खपून इंजिन बांधून दिलं. लायनर, रिंगा, बेअरिंगं, सगळं नवं. गाडी छान चालली. पण तिचा वेग बेताचाच. बरोबरीच्या टाटा गाड्या दिवसाला चार खेपा करत, याच्या तीन होत. एक दिवस तो परत आला.

‘‘चाचा, पंप थोडा वाढवून द्या ना. चढाला दम लागतो गाडीला.’’

डिझेल पंपाला एक स्क्रू असतो. जास्तीत जास्त किती डिझेल जायचं ते त्यानं ठरतं. त्याला शिशाचं सील असतं. सील तोडून स्क्रू फिरवला की गाडी खरोखरच जोरात ओढते. पाच मिनिटांचं काम आणि मालक खूश.

अब्बांनी त्याला बसवलं आणि म्हणाले, ‘‘बाळा, एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलो हवा लागते. डिझेल मी वाढवीन. हवा कुठून आणू?’’

त्याला ते पटलं नाही. अब्बांनी आणखी एक उदाहरण दिलं, लडाखहून सुटीवर येणाऱ्या जवानांकडून ऐकलेलं. गाडी उंचावर गेली की तिचा दम जातो आणि ती काळा धूर ओकते. पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरते. पंप मात्र डिझेल तेवढंच देतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून धूर. ‘‘स्क्रू फिरवून मी तुझी गाडी इथं नगरात ठेवूनच लडाखला नेऊन ठेवीन,’’ असं ते म्हणाले. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ते पैसे सायलेन्सरमधून जातातच, वर आतली उष्णता वाढते ती पिस्टनला आणि हेडला खाते.

ताकद वाढवायची त्यांची रीत वेगळी होती. आधी हवेची जाळी आणि ऑइलचं फिल्टर साफ. मग नोझल आणि टायमिंग बरोबर. मग रेडिएटर, कारण वाढलेली ताकद म्हणजे वाढलेली उष्णता. मग ब्रेक, कारण जे जोरात पळेल ते थांबवावंही लागेल. एवढं झाल्यावर बहुतेक गाड्यांना त्यांची मूळ ताकद परत सापडायची आणि मालकाची तक्रारच मिटायची. टर्बो बसवायची गोष्ट निघाली तर ते म्हणत, टर्बोनं हवा जास्त कोंबता येते हे खरं, पण टर्बोसाठी घडवलेल्या इंजिनात पिस्टन वेगळा असतो, पिस्टनला खालून ऑइलचा फवारा देऊन थंड ठेवलेलं असतं, हेड गॅस्केट तेवढा दाब सोसणारं असतं. नुसता टर्बो लावणं म्हणजे म्हाताऱ्याला पैलवानाचा खुराक देणं. त्याहून जास्त ताकद खरंच हवी असेल तर पूर्ण इंजिन बदला आणि त्याची रीतसर नोंद करा.

त्या तरुणाकडे तेवढे पैसे नव्हते. तो दुसरीकडे गेला आणि तिथं कुणीतरी सील तोडून दिलं.

दोन महिने त्याला चौथी खेप मिळाली. तिसऱ्या महिन्यात गाडी दोर लावून आमच्या दारात आली. त्यानं आग्रह धरला म्हणून अब्बांनी आवाज ऐकायला ती चालू केली आणि मी जन्मात विसरणार नाही असा प्रकार घडला. इंजिनाचा वेग आपोआप वाढत चालला. अब्बांनी स्टॉपची दोरी ओढली, डिझेल बंद झालं, तरी इंजिन पळतच राहिलं. पिस्टन आणि रिंगा जळून गेल्या होत्या, त्यामुळे खालचं ऑइल वर येऊन तेच जळत होतं. याला ‘इंजिन पळालं’ म्हणतात. अशा वेळी किल्ली बंद करून काही होत नाही. ते फुटेपर्यंत पळतं आणि लोखंडाचे तुकडे गोळीसारखे उडतात. सगळे मागं धावले. अब्बा पुढं गेले. हवेच्या नळीच्या तोंडावर ओलं पोतं आणि त्यावर फळी दाबून उभे राहिले. हवा तुटली, इंजिन दोन-तीन आचके देऊन थांबलं. अब्बांचे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. त्या तरुणाला ते एक शब्द बोलले नाहीत. पण त्याचा हंगाम गेला. पुढं जमीनही सुटली नाही, असं कानावर आलं.

मी हे सांगतो म्हणजे जुन्या गाड्यांचे गोडवे गातो, असं समजू नका. अब्बांची छाती शेवटची पाच-सहा वर्षं वाजत होती. बिडी होती, पण चाळीस वर्षं बंद शेडमधला धूरही होता. ते गेल्यानंतर काही महिन्यांनी, २०१२ च्या जूनमध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा आहे असं जाहीर केलं. ती बातमी मी दोनदा वाचली. गॅरेजात धुराला आम्ही ‘गाडीचा श्वास’ म्हणायचो. तो आमच्याच श्वासात मिसळत होता, हे कुणी सांगितलं नव्हतं.

कायदाही बदलला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना ‘भारत स्टेज सहा’चे नियम लागू झाले. आताच्या इंजिनात डिझेल किती सोडायचं ते संगणक ठरवतो, फिरवायला स्क्रूच उरला नाही. महेंद्रसिंह धोनी यांनी २०१९ मध्ये जबलपूरची जुनी ‘जोंगा’ घेतली तेव्हा तरुण पोरांना या गाड्यांचं वेड लागलं. हौसेनं एखादी गाडी मूळ रूपात जपावी, संग्रहालयात ठेवावी, त्याला माझी ना नाही. आमच्या गावचं रणगाडा संग्रहालय बघायला मी पाहुण्यांना आवर्जून नेतो. पण रोजच्या रस्त्यावर, शाळा सुटायच्या वेळेला, काळा धूर सोडत जाणारी डिस्पोजलची गाडी मला नको आहे. तिला निरोप द्यायची वेळ झाली.

मग उरलं काय? अब्बांची एक वही माझ्याकडे आहे. उर्दू लिपीत लिहिलेली, पण वाक्यं बरीचशी मराठी. कुठली गाडी, टॅपेटचं अंतर किती ठेवलं, नोझल किती दाबावर सुटलं, आणि पुढं एखादा शेरा. ‘रेडिएटर अर्धा बंद, आधी तो.’ ‘मालक ऐकत नाही, ब्रेक करून दिले.’ एका पानावर लिहिलंय, ‘पंप वाढवला नाही. पैसे परत दिले.’ अशी पानं मी मोजली. अकरा भरली. ज्या घरात सात तोंडं खाणारी होती, त्या घरात अकरा वेळा पैसे परत दिले गेले, हे मला आत्ता, पन्नाशी ओलांडल्यावर कळतंय.

आमच्याकडे यंत्रांवरची मराठी पुस्तकं आहेत. त्यांत ‘अंतर्ज्वलन’ आहे, ‘संपीडन’ आहे. चांगले शब्द आहेत ते. पण ‘इंजिन बांधणं’, ‘बेअरिंग रडणं’, ‘इंजिन पळणं’ ही मराठी त्यांत नाही, आणि पंप का वाढवायचा नाही हे सांगणारी ती अकरा पानंही नाहीत. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’चा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलाला आकडे पुस्तकात मिळतील. नाही कधी म्हणायचं आणि कुणाला म्हणायचं, हे त्याला जुन्या मिस्त्रीकडूनच कळेल. ते मिस्त्री आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ऐकू कमी येतं, कारण आयुष्यभर ते इंजिनाला कान लावून बसले.

मी वहीची पानं मराठी लिपीत उतरवतो आहे. निम्मी झाली आहेत. जे शब्द अडतात त्यांसाठी अब्बांच्या हाताखाली शिकलेल्या एका मिस्त्रींकडे दर शुक्रवारी नमाजनंतर जाऊन बसतो. तुमच्या गावातही स्टँडमागच्या किंवा बाजारतळाच्या गल्लीत असं कुणी असेल. एखाद्या दुपारी वही घेऊन त्यांच्याकडे जा. ताकद कशी वाढवायची हे ते सांगतीलच. तुम्ही त्यांना विचारा, काय काय करायला त्यांनी नकार दिला.